उपसा पंपाच्या मोटरला सॉफ्ट स्टार्टर: जोडणी, सेटिंग आणि रोजचं चालवणं

सॉफ्ट स्टार्टर म्हणजे थायरिस्टर या इलेक्ट्रॉनिक स्विचने व्होल्टेज हळूहळू चढवत मोटर सुरू करणारा डबा. त्याच्या बहुतेक तक्रारी तीन वाक्यांत येतात. "मोटर नुसती घुमते, उचलत नाही." "दोन महिन्यांत थायरिस्टर उडाला." "एवढा खर्च करूनही पाइप फुटायचा थांबला नाही." यातला खराब निघालेल्या मालाचा वाटा लहान असतो. मोठा वाटा जुना स्टार-डेल्टा (मोटर आधी स्टार, मग डेल्टा जोडणीत टाकून सुरू करणारा स्टार्टर) काढून त्याच वायरींवर नवा डबा बसवण्याचा, कपॅसिटर होता तिथेच ठेवण्याचा आणि कंपनीतून आलेल्या सेटिंगवरच मोटर चालवण्याचा असतो.

हे मार्गदर्शन एका ठरावीक कामासाठी आहे: कोल्हापूर-सांगलीकडे नदीकाठच्या जॅकवेलवर (पाणी उपसण्याच्या विहिरीवर) असतो तसा ७५ एचपीचा सेंट्रिफ्युगल पंप, ४१५ व्होल्ट, ५० हर्ट्झ, पुढे लांब रायझिंग मेन, म्हणजे पाणी वर चढवणारी पाइपलाइन. ब्लोअर किंवा क्रशर असेल तर सातव्या टप्प्यातले आकडे बदलतात, बाकी क्रम तोच राहतो. काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या.

आधी दोन गोष्टी पक्क्या करून घ्या, पुढचं सगळं त्यावर उभं आहे. सॉफ्ट स्टार्टर व्होल्टेज कमी-जास्त करतो, फ्रिक्वेन्सीला हात लावत नाही. त्यामुळे तो पंपाचा वेग कायमचा कमी ठेवू शकत नाही आणि पंप पूर्ण वेगात आल्यावर बिलही कमी करत नाही. दुसरं, मोटरचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. व्होल्टेज निम्मं केलं तर टॉर्क पाव राहतो, ४० टक्क्यांवर जेमतेम १६ टक्के. करंट कमी दिसावा म्हणून सेटिंग खाली-खाली नेणाऱ्यांची मोटर इथेच अडकते.

## टप्पा १: खरेदीआधी कागदावर

मोटरच्या नेमप्लेटवरून किलोवॅट, फुल लोड करंट, जोडणी स्टार की डेल्टा आणि आरपीएम उतरवून घ्या. ७५ एचपी म्हणजे ५५ किलोवॅट, करंट साधारण ९५ ते १०० अँपिअर. मोटर पूर्वी भरून आणलेली असेल तर चालू लोडवरचा करंटही मोजून ठेवा, कारण भरलेली मोटर नेमप्लेटशी इमान राखेलच असं नाही.

स्टार्टर एचपीवर घेऊ नका, अँपिअर आणि ड्यूटीवर घ्या. प्लेटवर "१०५ अँपिअर : एसी-५३बी : ३.५-१५ : ३४५" अशा धाटणीचा मजकूर असतो. त्याचा अर्थ असा: बायपाससह (मोटर वेगात आल्यावर थायरिस्टरला वळसा घालून करंट नेणाऱ्या स्विचसह) वापरताना १०५ अँपिअरची मोटर, साडेतीन पट करंट, १५ सेकंदांपर्यंत स्टार्ट आणि त्यानंतर पुढच्या स्टार्टआधी किमान ३४५ सेकंद विश्रांती. हिशेब केला तर तासाला १० स्टार्ट. एसी-५३ए लिहिलेलं असेल तर ते रेटिंग बायपासशिवाय सतत चालवण्यासाठी आहे. दुकानदार फक्त "७५ एचपीचा आहे" एवढंच सांगत असेल तर ही ओळ दाखवायला सांगा.

मग डीपीचा विचार. १०० केव्हीएच्या ट्रान्सफॉर्मरचा एलटी (कमी व्होल्टेजच्या) बाजूचा करंट साधारण १३३ अँपिअर आणि इम्पिडन्स (आतला विरोध) ४.५ टक्के. ही मोटर डीओएलवर, म्हणजे सरळ पूर्ण व्होल्टेजवर, टाकली तर साडेसहा पट, म्हणजे ६३० ते ६५० अँपिअर ओढेल आणि ट्रान्सफॉर्मरमध्येच २१-२२ टक्के व्होल्टेज पडेल. सॉफ्ट स्टार्टरवर करंट लिमिट ३०० टक्के ठेवली तर करंट २९०च्या आसपास आणि घसरण १० टक्क्यांच्या जवळ. शेवटच्या खांबावरच्या लाइनची घसरण याखेरीज. स्टार्टच्या वेळी कॉन्टॅक्टर (कॉइलच्या चुंबकाने लागणारे स्विच) थरथरत असतील तर दोष बहुधा इथे असतो, आणि तो पॅनेलच्या आत काहीही बदलून जात नाही.

तपासा: मोटर चालू नसताना आणि चालू असताना, दोन्ही वेळी तिन्ही फेजमधलं व्होल्टेज लिहून ठेवा. फेजांमध्ये एक टक्का असमतोल असेल तरी करंटमधला असमतोल त्याच्या सहा ते दहा पट होऊ शकतो. हा दोष सॉफ्ट स्टार्टर झाकत नाही, उलट त्यावरच ट्रिप होतो.

## टप्पा २: पॅनेल आणि जागा

बायपास नसताना थायरिस्टर दर अँपिअरमागे सुमारे ३ वॅट उष्णता सोडतात. १०० अँपिअरला ३०० वॅट. बंद लोखंडी पेटीत, एप्रिल-मेच्या उन्हात, पत्र्याच्या शेडखाली ही उष्णता जायला वाट नसते. बहुतेक स्टार्टरचं रेटिंग ४० अंशांपर्यंतच्या हवेसाठी असतं आणि पेटीच्या आतलं तापमान त्याच्या वर सहज जातं. म्हणून उपसा पंपाला बायपास कॉन्टॅक्टर हवाच, आतला असो की बाहेरचा.

स्टार्टर उभाच बसवा. वर-खाली किमान १०० मिलिमीटर मोकळं सोडा, मॅन्युअलमध्ये जास्त सांगितलं असेल तर तेवढं. खाली स्टार्टर आणि त्याच्या डोक्यावर कंट्रोल ट्रान्सफॉर्मर ही मांडणी नेहमी दिसते आणि ती चुकीची आहे.

केबल ग्लँड घट्ट लावा आणि न वापरलेली भोकं बुजवा. जॅकवेलवरच्या पॅनेलमध्ये पाल आणि मुंग्या शिरून फेज-टू-फेज शॉर्ट होणं हे नेहमीचं आहे, आणि या शॉर्टवर एमसीसीबी (पॅनेलचा मुख्य ब्रेकर) उडेपर्यंत थायरिस्टर गेलेला असतो. पॅनेल पुराच्या रेषेच्या वर ठेवा, हे नदीकाठच्या माणसाला सांगायला नको.

## टप्पा ३: मोटरची पेटी उघडा

सर्वांत जास्त चुका इथे होतात. स्टार-डेल्टावर चालणाऱ्या मोटरला सहा वायरी जातात. सॉफ्ट स्टार्टरमधून तीनच निघतात. उरलेल्या तिघींचं काय करायचं, हे न ठरवता काम सुरू होतं.

साधा आणि सुरक्षित मार्ग: मोटर कायमची डेल्टात जोडा. टर्मिनल पेटीत तीन उभ्या पट्ट्या लावल्या की यू१-डब्ल्यू२, व्ही१-यू२ आणि डब्ल्यू१-व्ही२ अशा जोड्या होतात. जुन्या मोटरवर ए, बी, सी अशी अक्षरं असतील तर ए१-सी२, बी१-ए२, सी१-बी२. दोन्ही केबल जागेवरच वापरायच्या असतील तर याच जोड्या पॅनेलमध्ये करता येतात, पण आधी कंटिन्यूइटी घेऊन प्रत्येक वायरीवर टॅग लावा. रंगावर विश्वास ठेवू नका. मोटर भरणाऱ्याने टोकं बदललेली असू शकतात.

पट्ट्या आडव्या, म्हणजे स्टारमध्ये राहिल्या तर ४१५ व्होल्ट डेल्टाच्या मोटरला टॉर्क एक तृतीयांशच मिळतो. पंप डिलिव्हरी बंद असताना फिरतो, व्हॉल्व्ह उघडला की बसतो. मग सगळे सेटिंगमध्ये दोष शोधत बसतात.

दुसरा मार्ग इनसाइड-डेल्टा: स्टार्टर वाइंडिंगच्या आत जोडायचा. त्यातून लाइन करंटच्या ५८ टक्केच करंट जातो, म्हणून लहान स्टार्टर चालतो. पैसे वाचतात हे खरं. पण तुमच्या मॉडेलला ही सोय आहे असं मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलेलं हवं, सहाही टोकं शंभर टक्के ओळखलेली हवीत आणि सेटिंगमध्येही तो प्रकार निवडावा लागतो. एक टोक चुकलं तर पहिल्याच स्टार्टला थायरिस्टर जातो. वायरमन दर वेळी बदलणार असेल त्या संस्थेने या वाटेला जाऊ नये, असं माझं मत आहे.

## टप्पा ४: पॉवर वायरिंग

क्रम असा ठेवा: मेन स्विच किंवा एमसीसीबी, सेमीकंडक्टर फ्यूज, मेन कॉन्टॅक्टर, सॉफ्ट स्टार्टर, मोटर. एमसीसीबी केबल वाचवतो, थायरिस्टर वाचवायला तो फार मंद आहे. त्यासाठी जलद फ्यूज लागतात आणि त्यांचं रेटिंग स्टार्टरच्या मॅन्युअलमधल्या तक्त्यातूनच घ्यावं. फ्यूज उडाला म्हणून तिथे तांब्याची तार बांधली की त्या फ्यूजवर केलेला सगळा खर्च वाया.

मेन कॉन्टॅक्टर ऐच्छिक समजून गाळू नका. स्टार्टर बंद असतानाही थायरिस्टरमधून थोडी गळती असते, त्यामुळे मोटरच्या टोकांवर मीटर शेकडो व्होल्ट दाखवतो. शिवाय स्वस्त मॉडेलमध्ये दोनच फेज नियंत्रित असतात, तिसरी सरळ मोटरपर्यंत गेलेली असते.

सावधान: "मोटर बंद आहे" म्हणजे "मोटरच्या टोकांवर वीज नाही" असं कधीही धरू नका. मेन स्विच पाडा, कुलूप लावा, मीटरने तपासा, मगच पेटी उघडा.

बायपास. बाहेरचा बायपास कॉन्टॅक्टर असेल तर एल१ समोर टी१, एल२ समोर टी२, एल३ समोर टी३ यायलाच हवेत. एक जोडी उलटी झाली तर मोटर सुरू होते, छान वेग घेते आणि बायपास लागल्याक्षणी दोन फेज एकमेकांवर आदळतात. ही चूक डोळ्यांनी पकडू नका. वीज नसताना बायपास कॉन्टॅक्टर हाताने दाबून प्रत्येक जोडीची कंटिन्यूइटी घ्या.

काही मॉडेलना बायपाससाठी वेगळी टर्मिनल दिलेली असतात, म्हणजे बायपासचा करंटही स्टार्टरच्या सीटीमधून (करंट मोजणाऱ्या ट्रान्सफॉर्मरमधून) जातो. तिथे न जोडता सरळ मोटरच्या बाजूला जोडलं तर बायपास लागल्यावर स्टार्टरला करंट दिसत नाही आणि ओव्हरलोड संरक्षण गप्प बसतं. वेगळी टर्मिनल नसतील तर बाहेरून ओव्हरलोड रिले लावा.

कपॅसिटर. आपल्याकडे शेतीपंपाचा कपॅसिटर मोटरच्या टोकांवरच जोडायची पद्धत आहे. सॉफ्ट स्टार्टरवर हे चालत नाही. स्टार्टर आणि मोटर यांच्यामध्ये कपॅसिटर राहिला तर थायरिस्टर चालू होताना त्यातून करंटचे जोरदार झटके बसतात आणि "दोन महिन्यांत उडाला" ही तक्रार जन्माला येते. कपॅसिटर स्टार्टरच्या लाइन बाजूला घ्या, त्याला स्वतःचा कॉन्टॅक्टर द्या. तो मोटर पूर्ण वेगात आल्यावर लागला पाहिजे आणि सॉफ्ट स्टॉप (व्होल्टेज हळूहळू उतरवून मोटर थांबवणं) सुरू होण्याआधी सुटला पाहिजे. जुना कपॅसिटर मोटरच्या पेटीत किंवा पॅनेलच्या मागे लपलेला असतो, तो शोधून काढा.

केबल अॅल्युमिनियमची असेल आणि टर्मिनल तांब्याचं, तर बायमेटॅलिक लग वापरा. बोल्ट टॉर्क पान्याने मॅन्युअलमधल्या आकड्याइतका आवळा.

## टप्पा ५: कंट्रोल वायरिंग

बहुतेक स्टार्टरना २३० व्होल्ट कंट्रोल सप्लाय लागतो. खेड्यातल्या लाइनवरचा न्यूट्रल भरवशाचा नसतो. तो सुटला की २३०च्या जागी बरंच जास्त व्होल्टेज येतं आणि कार्ड जळतं. म्हणून ४१५/२३० कंट्रोल ट्रान्सफॉर्मर पॅनेलमध्येच घ्या.

स्टार्टरमध्ये साधारण तीन रिले आउटपुट असतात: रन, पूर्ण वेग आणि फॉल्ट. रन रिलेवर मेन कॉन्टॅक्टर, पूर्ण वेगाच्या रिलेवर बायपास आणि कपॅसिटर, फॉल्ट रिलेवर हॉर्न किंवा दिवा.

स्टॉप बटणाची वायर कुठे जाते ते नीट पाहा. जुन्या सवयीने ती मेन कॉन्टॅक्टरच्या कॉइलमध्ये घातली जाते. मग बटण दाबताच कॉन्टॅक्टर पडतो, मोटर धाडकन सुटते आणि सॉफ्ट स्टॉपचं सेटिंग कितीही लावलं तरी ते कधी चालतच नाही. स्टॉपचा हुकूम स्टार्टरला गेला पाहिजे. स्टार्टरने रॅम्प (व्होल्टेजचा हळूहळू चढ किंवा उतार) संपवून रन रिले सोडला की मगच कॉन्टॅक्टर पडायचा. इमर्जन्सी बटण मात्र सरळ कॉन्टॅक्टर पाडणारंच हवं.

ऑटो स्विच लावायचा असेल तर वीज आल्यावर किमान काही मिनिटांचा उशीर ठेवा आणि शेजारच्या पंपांपेक्षा वेगळा ठेवा. वीज येताच डीपीवरच्या सगळ्या मोटरी एकदम उठल्या तर व्होल्टेज इतकं पडतं की कुणाचीच मोटर वेग घेत नाही.

## टप्पा ६: वीज देण्याआधी

१. मोटरच्या केबल स्टार्टरपासून सोडवा, मगच मेगर लावा. ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन तपासायचा मीटर), वाइंडिंग ते अर्थ. तारेने भरलेल्या लो-टेन्शन मोटरला ५ मेगओमच्या खाली वाचन असेल तर मोटर आधी सुकवा. केबल जोडलेली असताना मेगर मारला तर स्टार्टर जाऊ शकतो आणि वॉरंटीवाला पहिला प्रश्न तोच विचारतो.

२. मीटर ओमवर ठेवून एल१-टी१, एल२-टी२, एल३-टी३ मोजा, बायपास उघडा असताना. चांगला थायरिस्टर हजारो ओम दाखवतो. शून्याजवळ वाचन म्हणजे तो शॉर्ट आहे. दोन फेज नियंत्रित मॉडेलमध्ये तिसरी जोडी शून्य दाखवणारच, घाबरू नका.

३. हाताने पंपाचा शाफ्ट फिरवा. ग्लँड पॅकिंग फार आवळलेलं असेल किंवा गाळ अडकलेला असेल तर इथेच कळतं.

४. पंपात पाणी भरा, हवा काढा. फूट व्हॉल्व्ह गळत असेल तर तो आधी दुरुस्त करा.

तपासा: मोटर न जोडता स्टार्टरची चाचणी घ्यायचा मोह होतो. बहुतेक स्टार्टर लोड नसेल तर फेज गेल्याचा फॉल्ट देतात. तो बिघाड समजून स्टार्टर परत पाठवू नका.

## टप्पा ७: सुरुवातीचं सेटिंग

याच क्रमाने भरा.

मोटर करंट. नेमप्लेटचा आकडा, स्टार्टरचा नव्हे. १०५ अँपिअरचा स्टार्टर आणि ९७ अँपिअरची मोटर असेल तर ९७. बाकी सगळे टक्के यावरच मोजले जातात.

ओव्हरलोड क्लास. पंपाला क्लास १०. स्टार्टला ट्रिप होतं म्हणून क्लास ३० करणं म्हणजे मोटरला जास्त वेळ भाजायची परवानगी देणं. ट्रिपचं कारण आधी शोधा.

सुरुवातीचं व्होल्टेज. ३० ते ४० टक्के. हुकूम दिल्यावर शाफ्ट एक-दोन सेकंदांत हलला पाहिजे. घुमण्याचा आवाज येतो पण शाफ्ट स्थिर असेल तर ५ टक्क्यांनी वाढवा.

करंट लिमिट. डिलिव्हरी व्हॉल्व्ह बंद ठेवून सुरू करत असाल तर ३००, उघडा असेल तर ३५० टक्के. डीओएलला साडेसहा पट करंट घेणाऱ्या मोटरला ३०० टक्क्यांवर सुरुवातीचा टॉर्क डीओएलच्या पाचव्या हिश्शाइतकाच मिळतो. त्याच्याही खाली, २०० टक्क्यांवर आणलं तर मोटर मधल्याच वेगावर लटकते आणि तेवढा वेळ मोटर व थायरिस्टर दोन्ही तापत राहतात.

रॅम्प टाइम. ५ ते १० सेकंद. जास्त सेकंद म्हणजे जास्त मऊ, ही समजूत सोडा. रॅम्प टाइम हा व्होल्टेज चढायचा वेळ आहे, मोटर वेगात येण्याचा नव्हे. हलका लोड असेल तर १० सेकंदांच्या रॅम्पमध्ये मोटर सहाव्या सेकंदालाच वेगात येते. जड असेल तर रॅम्प संपल्यावरही करंट लिमिटवर अडकून राहते. ३० सेकंद लावून काही मऊ होत नाही, उष्णता तेवढी वाढते.

किक स्टार्ट. बंद. तो अडकून बसणाऱ्या लोडसाठी असतो, उदाहरणार्थ क्रशर. पंपाला लागत असेल तर पंप जाम आहे.

सबमर्सिबल असेल तर वरचं विसरा. तिच्या थ्रस्ट बेअरिंगला पाण्याचा थर तयार व्हायला वेग लागतो, मंद फिरवली तर बेअरिंग घासतं. सुरुवातीचं व्होल्टेज ५५ टक्क्यांच्या वर आणि रॅम्प ३ सेकंदांच्या आत ठेवा, थांबवतानाही तेच.

## टप्पा ८: पहिला स्टार्ट

सेंट्रिफ्युगल पंपाची डिलिव्हरी बंद ठेवा, तिथे त्याला सर्वांत कमी ताकद लागते. अॅक्सियल फ्लो पंपाचं उलट असतं. तो बंद व्हॉल्व्हवर जास्त लोड घेतो, म्हणून उघडा ठेवा.

एक माणूस पॅनेलपाशी, एक पंपापाशी, मोबाइल किंवा हातवाऱ्याने संपर्क. क्षणभर सुरू करून लगेच बंद करा आणि दिशा बाणाशी ताडून पाहा. सेंट्रिफ्युगल पंप उलटा फिरूनही थोडं पाणी टाकतो, त्यामुळे "पाणी आलं" हा दिशेचा पुरावा नव्हे. पुराआधी मोटर वर काढून नंतर बसवली असेल, किंवा डीपीवर जंपर बदलले असतील, तर हे दर वेळी करा. दिशा बदलायची तर मोटरकडच्या दोन वायरी बदला. स्टार्टर फेज सिक्वेन्सवर ट्रिप होत असेल तर तो दोष येणाऱ्या लाइनकडे दुरुस्त करा, संरक्षण बंद करून नव्हे.

दिशा बरोबर असेल तर पूर्ण स्टार्ट द्या आणि चार गोष्टी लिहा: सर्वांत जास्त करंट, पूर्ण वेगाला लागलेले सेकंद, त्या वेळचं व्होल्टेज आणि बायपास लागताना झटका बसला की नाही. रॅम्पमध्ये लहर कापलेली असते, साधा टाँग टेस्टर तिथे चुकीचं दाखवतो. ट्रू आरएमएस मीटर वापरा.

बायपास लागताना मोटर दचकत असेल तर ती अजून वेगात आलेली नाही. करंट लिमिट २५ टक्क्यांनी वाढवून पाहा. एका वेळी एकच सेटिंग बदला आणि दोन स्टार्टच्या मध्ये प्लेटवरची विश्रांती द्या. सेटिंगच्या घाईत लागोपाठ सहा-सात स्टार्ट देऊन स्टार्टर पहिल्याच दिवशी घालवलेले लोक आहेत.

## टप्पा ९: थांबवण्याचं सेटिंग, जिथे पाइप वाचतो

सुरू करण्यावर सगळे बोलतात. उपसा योजनेत पाइप मात्र बहुतेक वेळा पंप बंद होताना फुटतो.

स्टीलच्या पाइपात दाबाची लाट सेकंदाला साधारण १००० मीटर जाते. पाणी दीड मीटर प्रति सेकंद वेगाने वाहत असताना एकदम थांबलं तर दाब सुमारे १५० मीटर उंचीइतका, म्हणजे १५ बारने उसळतो. पीव्हीसीत लाट मंद असते, उसळी कमी असते, पण पीव्हीसीची सहनशक्तीही कमी. लाट टोकापर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ म्हणजे लांबीची दुप्पट भागिले लाटेचा वेग. दीड किलोमीटरच्या स्टील लाइनला ३ सेकंद. प्रवाह याच्या कितीतरी पट वेळ घेऊन थांबला पाहिजे, म्हणून १० ते २० सेकंदांपासून सुरुवात करा.

इथे एक खाचखळगा आहे. व्होल्टेज सरळ रेषेत उतरवलं तर पहिले काही सेकंद काहीच होत नाही. भरल्या लोडवरही मोटर ७० टक्क्यांच्या आसपास व्होल्टेज येईपर्यंत जवळजवळ पूर्ण वेगात राहते आणि मग एकदम कोसळते. पंपाचा हेड, म्हणजे पाणी चढवण्याची उंची, वेगाच्या वर्गाने घटतो. बंद व्हॉल्व्हवर ६० मीटर हेड देणारा पंप ४५ मीटर उंचीवर पाणी चढवत असेल, तर वेग ८७ टक्क्यांवर आला की प्रवाह शून्य होतो आणि एनआरव्ही (पाणी उलटं येऊ न देणारा व्हॉल्व्ह) आपटतो. म्हणजे लाइनच्या दृष्टीने सगळा खेळ १०० ते ८७ टक्के वेगाच्या पट्ट्यात होतो.

म्हणून स्टार्टरमध्ये टॉर्क कंट्रोल किंवा पंप स्टॉप असा पर्याय असेल तर तोच निवडा. नसेल तर स्टेप-डाउन व्होल्टेज वापरा: स्टॉप देताच व्होल्टेज एका पायरीत ७५-८० टक्क्यांवर आणा आणि रॅम्पचे सेकंद त्याच्या खाली खर्च करा. एनआरव्हीपाशी उभं राहून ऐका. ठोका जोरात येत असेल तर वेळ वाढवा. एनआरव्ही शांतपणे बसल्यावरही मोटर बराच वेळ घुमत असेल तर ते सेकंद फुकट उष्णता वाढवताहेत, स्टॉपचं शेवटचं व्होल्टेज वर घ्या. सॉफ्ट स्टॉपमध्येही मोटर स्टार्टसारखाच करंट ओढते, हे स्टार्टच्या मोजणीत धरा.

सावधान: लाइट गेली तर सॉफ्ट स्टॉप होत नाही. स्टार्टरला वीजच नसेल तर तो उतरवणार काय? भारनियमन आणि ट्रिपिंगच्या भागात पाइपाला खरा मार तेव्हाच बसतो. एअर व्हॉल्व्ह, चांगला एनआरव्ही आणि लांब लाइनला सर्ज संरक्षण यांचा खर्च सॉफ्ट स्टार्टर घेतल्याने वाचत नाही.

## टप्पा १०: रोजचं चालवणं

ऑपरेटरला पॅनेलच्या दारावर मराठीत चार ओळी चिकटवून द्या: बंद करताना फक्त स्टॉप बटण, मेन स्विच पाडायचा नाही. ट्रिप झाल्यावर फॉल्टचा कोड वहीत लिहून मगच रिसेट. दोन स्टार्टमध्ये किती मिनिटं थांबायचं. दोनच फेज असताना, कपॅसिटरने तिसरी फेज बनवूनही, चालवायचं नाही. शेवटची ओळ अनेकांना झोंबते, पण सिंगल फेजिंगच्या वेळी (एक फेज गेलेली असताना) जुगाड करून डीओएल मोटर ढकलता येते तशी सॉफ्ट स्टार्टरवर ढकलता येत नाही.

ड्राय रनसाठी (पंप पाण्याविना फिरत राहू नये म्हणून) अंडरकरंट ट्रिप लावा. पंप नीट पाणी टाकत असतानाचा करंट मोजा आणि त्याच्या १५-२० टक्के खाली सेट करा, थोडा उशीर ठेवून. पहिल्या काही आठवड्यांनी वीज बंद करून सगळे बोल्ट पुन्हा आवळा. पंख्याची जाळी पावसाळ्याआधी आणि नंतर साफ करा. सर्व सेटिंग कागदावर लिहून एक प्रत पॅनेलमध्ये आणि एक संस्थेच्या कार्यालयात ठेवा, कारण कार्ड बदललं की सगळं फॅक्टरी सेटिंगवर जातं.

## बिघाड शोधताना

घुमते, उचलत नाही. आधी मोटरच्या पेटीतल्या पट्ट्या पाहा, मग स्टार्ट देताना येणारं व्होल्टेज, मग करंट लिमिट. याच क्रमाने, कारण सेटिंगपासून सुरू करणारे तिथेच फिरत राहतात.

स्टार्ट होते, बायपासला एमसीसीबी उडतो. बायपासची फेज जोडी. पुन्हा स्टार्ट देऊन खात्री करायची नाही, वीज बंद करून कंटिन्यूइटी घ्यायची.

सुरू होताच धक्का बसतो, रॅम्प जाणवतच नाही. बायपास कॉन्टॅक्टर चिकटला आहे किंवा थायरिस्टर शॉर्ट आहे. टप्पा ६ मधली ओमची मोजणी करा. बायपासच्या जागी सुटी वायर टाकून "तात्पुरतं" चालवलं असेल तर तेही इथेच सापडतं.

उन्हाळ्यात दुपारी ट्रिप, सकाळी नाही. हीट सिंकचं तापमान. पंखा, जाळी, बायपास खरोखर लागतोय का, हे पाहा. बायपास बाहेरचा आणि सरळ मोटरच्या बाजूला जोडलेला असेल तर तो लागल्यावर स्टार्टरच्या स्वतःच्या टर्मिनलमधून करंट जवळजवळ शून्य दिसायला हवा.

तिन्ही फेजचा करंट स्टार्टमध्ये वेगळा, बायपासवर सारखा. एका फेजचा थायरिस्टर नीट फायर होत नाही, गेट वायर किंवा कार्ड. दोन फेज नियंत्रित मॉडेलमध्ये मात्र रॅम्पच्या वेळी थोडा असमतोल स्वाभाविक आहे. बायपासवरही असमतोल राहत असेल तर स्टार्टर सोडा, लाइन आणि मोटर तपासा: येणाऱ्या दोन फेज आळीपाळीने नव्हे, तिन्ही एकत्र एक घर पुढे सरकवा, म्हणजे दिशा तीच राहील. जास्त करंट मोटरच्या त्याच टोकावर राहिला तर दोष वाइंडिंगमध्ये, लाइनच्या त्याच फेजबरोबर सरकला तर डीपीकडे.